निष्कासित हवेतील अन्नभुकटीची पुनःप्राप्ती

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. वर्षाकाठी ४०० ते ५०० मिलिमीटर पडणारा पाऊस पूर्वी उघड्या उतारांवरून वाहून जाई, आणि जाताना माथ्यावरची मातीही बरोबर नेई. १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे पाणलोटाची जी कामे झाली, त्यांचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे असा होता. आधी उतारावरील समतल चर व वृक्षलागवड, मग ओघळींवरील आणि नाल्यांवरील बांध, आणि शेवटी खालचे पाझर तलाव. या क्रमामागील कारण साधे आहे. पाणी जेथे पडते तेथेच अडविले तर ते थोडे, संथ आणि निवळ असते. तेच पायथ्याशी पोचेपर्यंत पुष्कळ, वेगवान आणि गढूळ झालेले असते. मग त्याला अडविण्यास मोठा बांध लागतो, आणि अडविलेल्या पाण्यातील गाळ तलावाच्या बोकांडी बसतो.

हा विचार एका अगदी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे भुकटीरूप खाद्यपदार्थांच्या कारखान्यात, जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. दुधाची भुकटी, पीठ, मसाले, साखरेची पूड, कोको, बालकांचे पोषक आहार अशा पदार्थांचे शुष्कन, वहन आणि मिश्रण करताना मोठ्या प्रमाणावर हवा हाताळावी लागते. ती हवा शेवटी कोठून तरी बाहेर सोडावी लागते आणि जाताना ती पदार्थाचा सर्वांत बारीक अंश बरोबर घेऊन जाते. हा अंश परत कसा मिळवावा, हा प्रश्न बहुधा गाळणी कोणती बसवावी या स्वरूपात विचारला जातो. वस्तुतः पहिला प्रश्न भुकटी कोठे पकडावी हा आहे. कशाने पकडावी हा दुसरा.

राळेगणचा आणि या विषयाचा संबंध केवळ दृष्टांतापुरता नाही. पाणी मुरले, विहिरींना पाणी टिकले, चराईबंदीमुळे जनावरे गोठ्यात बांधून चारा देण्याची रीत रुळली आणि दुधाचा धंदा हा तेथील कुटुंबांच्या उत्पन्नाचा एक प्रमुख आधार झाला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा आज राज्यातील मोठ्या दूध उत्पादक जिल्ह्यांत गणला जातो. परंतु दूध हा नाशवंत माल आहे. मागणीपेक्षा दूध अधिक झाले की ते टिकविण्याचा मोठ्या प्रमाणावरील मार्ग म्हणजे त्याची भुकटी करणे. २०२० साली टाळेबंदीमुळे दुधाची मागणी एकाएकी घसरली, तेव्हा अतिरिक्त ठरलेले दूध दररोज १० लाख लिटरपर्यंत खरेदी करून त्याची भुकटी करण्याची योजना महाराष्ट्र शासनाला आखावी लागली, ती याच कारणाने. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ म्हणत असता ती करून दाखविण्याचे श्रेय आणंद येथील हरिचंद मेघा दलाया यांच्याकडे जाते. तेथील कारखान्याचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी झाले आणि आणंद त्या काळी मुंबई राज्यात होते, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

मलई काढलेल्या दुधात स्निग्धेतर घन पदार्थ सुमारे ८.७ टक्के असतात. चार टक्के आर्द्रतेची एक किलो भुकटी तयार होण्यास त्यामुळे साधारण अकरा किलो दूध खर्ची पडते. म्हणजे धुराड्यातून एक किलो भुकटी उडून गेली तर एका बऱ्यापैकी संकरित गाईचे दिवसभराचे दूध हवेत गेले, असा हिशेब होतो. हा आकडा पुढील विवेचनात ध्यानात ठेवावा.

प्रथम हवा किती लागते ते पाहू. दूध निर्वात बाष्पित्रात आटवून त्यातील घन पदार्थ ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत नेतात आणि ते दाट दूध सुमारे १८० ते २०० अंश सेल्सियसच्या हवेत फवारतात. थेंबातील पाणी क्षणार्धात उडून जाते आणि ८० ते ९० अंशांच्या आसपासची हवा भुकटीचे बारीक कण घेऊन बाहेर पडते. एक किलो पाणी उडविण्यास १५ ते २५ किलो हवा लागते. समजा, तासाला १,००० किलो भुकटी देणारा फवारा-शुष्कक आहे आणि दाट दुधात ४८ टक्के घन पदार्थ आहेत. मग तासाला २,००० किलो दाट दूध आत जाते, १,००० किलो पाणी उडते आणि सुमारे २०,००० किलो हवा वापरली जाते. ८५ अंशांना या हवेचे आकारमान तासाला साधारण २०,००० घनमीटर भरते.

ही हवा सायक्लोनमधून काढल्यानंतरही तिच्यात प्रति घनमीटर २०० मिलिग्रॅम भुकटी उरली असे धरले, तर तासाला चार किलो भुकटी जाते. दिवसाचे वीस तास आणि वर्षाचे तीनशे दिवस कारखाना चालला तर हा आकडा २४ टनांवर जातो. उत्पादनाच्या मानाने ही तूट केवळ ०.४ टक्के आहे, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाही. पण दुधाच्या भाषेत ती दररोज ८८० किलो दुधाएवढी आहे. एका लहान गावाच्या संकलन केंद्राची सकाळ त्यात जाते.

येथे कायद्याची मर्यादा आणि हिशेबाची मर्यादा यांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकानुसार बाहेर सोडल्या जाणाऱ्या हवेत प्रति सामान्य घनमीटर १५० मिलिग्रॅमपर्यंत कणरूप पदार्थ चालतो. वरील कारखान्याची हवा २५ अंशांवर आणून मोजली तर ती तासाला सुमारे १६,६०० घनमीटर भरते. म्हणजे या मानकाच्या अगदी काठावर राहणारा कारखानाही तासाला अडीच किलो भुकटी बिनबोभाट सोडू शकतो. ‘आमचे धुराडे नियमात बसते’ हे वाक्य प्रदूषणाच्या संदर्भात समाधानकारक असले, तरी तुटीच्या संदर्भात त्याला काही अर्थ नाही.

आता कण हवेतून वेगळे का होत नाहीत, याचा विचार करू. स्थिर हवेत पडणाऱ्या बारीक कणाचा अंतिम वेग स्टोक्सच्या नियमानुसार त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १.२५ सापेक्ष घनतेचा ५० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर वेगाने खाली येतो. तीन मीटर उंचीवरून जमिनीवर पोचण्यास त्याला अर्धा मिनिट लागतो. त्याच पदार्थाचा ५ मायक्रॉनचा कण तेच अंतर कापण्यास जवळजवळ त्रेपन्न मिनिटे घेतो, आणि तेवढ्या अवधीत कारखान्यातील हवा कितीतरी वेळा हलते. केवळ गुरुत्वाच्या भरवशावर बसणारी कोठी त्यामुळे भरड कणांपुरतीच उपयोगी ठरते.

सायक्लोनमध्ये गुरुत्वाची जागा केंद्रोत्सारी प्रेरणा घेते. शंकूच्या आकाराच्या भांड्यात हवा स्पर्शरेषेच्या दिशेने शिरते, भिंतीलगत गरगरत खाली उतरते आणि मधल्या भोवऱ्यातून वर निघून जाते. हवेचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि त्रिज्या ३० सेंटिमीटर असता कणावरील त्वरण गुरुत्वाच्या सुमारे ७६ पट होते. त्रिज्या दुप्पट केली तर ते निम्म्यावर येते. म्हणूनच एका मोठ्या सायक्लोनपेक्षा अनेक लहान सायक्लोन अधिक बारीक कण पकडतात. मात्र खाद्यपदार्थाच्या कारखान्यात प्रत्येक सायक्लोन आतून धुवावा लागतो, आणि ज्याला एका भांड्याऐवजी बारा भांडी धुवावयाची आहेत त्याला या सिद्धान्ताचे फारसे कौतुक वाटत नाही. पिठाच्या गिरण्यांसाठी हे साधन प्रथम १८८० च्या दशकात प्रचारात आले. त्यात हलणारा भाग नाही, कापड नाही, फाटण्यासारखे काही नाही. त्याचे दीर्घायुष्य यातच आहे. त्याचा दोष एवढाच की दहा मायक्रॉनच्या खालचे कण त्याच्या हातून निसटू लागतात.

सायक्लोनच्या संदर्भात एक बाब पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत संपते, परंतु प्रत्यक्षात पुष्कळ तुटीचे मूळ तीच असते. सायक्लोनच्या तळाशी, जेथे भुकटी गोळा होते, तेथे भोवऱ्याच्या मध्यावर दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. खालच्या फिरत्या झडपेची पाती झिजली किंवा तिच्या जोडातील रबर सैल झाले, तर बाहेरची हवा आत शिरते आणि नुकतीच खाली बसलेली भुकटी उचलून मधल्या भोवऱ्यात नेऊन सोडते. ही गळती दिसत नाही, कारण भुकटी बाहेर सांडत नाही. उलट हवा आत ओढली जाते. एकूण हवेच्या मानाने अल्प वाटणारी गळतीसुद्धा सायक्लोनची कार्यक्षमता ठळकपणे खाली आणते. अशा वेळी नवी गाळणी मागविण्यापूर्वी झडपेच्या पात्यांमधील फट तपासणे शहाणपणाचे. तीच गोष्ट भुकटी तळाशी साचू देण्याची. सायक्लोन हा साठा करण्याचा डबा नव्हे. शंकूत भुकटी वर चढली की भोवऱ्याचे टोक तिला खरवडू लागते.

यापुढची पायरी कापडाची आहे आणि ती कोणाही मराठी वाचकाला अपरिचित नाही. गावच्या पिठाच्या गिरणीत पीठ ज्या तोंडातून डब्यात पडते तेथे एक कापडी नळी बांधलेली असते. दळताना पिठाबरोबर आलेली ऊन हवा कापडातून बाहेर झिरपते, पीठ आत राहते, आणि गिरणीवाला अधूनमधून त्या नळीला टपली मारून चिकटलेले पीठ खाली पाडतो. पिशवी-गाळणीचे संपूर्ण तत्त्व या तीन क्रियांत सामावलेले आहे. कारखान्यातील आधुनिक गाळणीत टपलीचे काम दाबाखालच्या हवेचा झोत करतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढा हा झोत पिशवीत वरून शिरतो, ती फुगवतो आणि बाहेरचा थर झटकून टाकतो. ही पद्धत १९५० च्या दशकात पुढे आली. त्यापूर्वी पिशव्या यंत्राने हलवीत, आणि त्यासाठी हवेचा प्रवाह थांबवावा लागे.

गाळण्याचे खरे काम कापड करीत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. नव्या कापडाची छिद्रे कणांपेक्षा कितीतरी मोठी असतात आणि प्रारंभी त्यांतून भुकटी सर्रास निसटते. कापडावर भुकटीचा पातळ थर बसला की तो थरच गाळणी बनतो. म्हणून पिशव्या अतिशय वारंवार व जोराने झटकणारा उत्साही कामगार तूट कमी न करता वाढवितो. झटकावे ते दाबातील फरक ठराविक मर्यादेबाहेर गेल्यावर, घड्याळ पाहून नव्हे.

पिशव्यांचे क्षेत्रफळ ठरविताना हवेचा कापडातून जाण्याचा वेग मिनिटाला एक ते दोन मीटर धरतात. वरील उदाहरणातील तासाला २०,००० घनमीटर हवेसाठी दीड मीटर वेगाने सुमारे २२२ चौरस मीटर कापड लागेल. १५ सेंटिमीटर व्यासाच्या आणि तीन मीटर लांबीच्या पिशव्या घेतल्या तर त्यांची संख्या १५० च्या वर जाते. या खर्चाच्या मोबदल्यात बाहेर जाणाऱ्या हवेतील भुकटी प्रति घनमीटर १० मिलिग्रॅमवर आली तर तासाची तूट चार किलोंवरून दोनशे ग्रॅमवर उतरते, आणि वर्षाला पावणेतेवीस टनांहून किंचित अधिक भुकटी वाचते.

दुधाच्या भुकटीचे मात्र स्वतःचे काही हट्ट आहेत. तिच्यातील दुग्धशर्करा स्फटिकरूप नसून काचेसारख्या अवस्थेत असते. थोडी आर्द्रता शोषली गेली की ही काच मऊ पडण्याचे तापमान झपाट्याने खाली येते आणि कण एकमेकांना व कापडाला चिकटतात. वरच्या उदाहरणात बाहेर पडणाऱ्या हवेचा दवबिंदू ४५ अंशांच्या आसपास येतो. सकाळी थंड पडलेल्या गाळणीत ही हवा एकदम सोडली तर पत्र्याच्या भिंतींवर पाणी सुटते, भुकटीची लापशी होते आणि ती वाळल्यावर पिशव्यांवर खपली धरते. म्हणून आधी कोरड्या गरम हवेने गाळणी तापवून मगच फवारा सुरू करावयाचा, आणि बाहेरून तिला उष्णतारोधक आवरण घालावयाचे. पावसाळ्यात, जेव्हा आत घेतली जाणारी हवाच दमट असते, तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. पूर्ण मलईच्या दुधाच्या बाबतीत स्निग्धांशही कापडात मुरतो. तेथे पिशव्यांचे आयुष्य कमी भरते.

येथवरचे विवेचन शुष्ककाविषयी झाले. तेथे हवेतील भुकटी आणि कोठीतील भुकटी हा एकच पदार्थ असतो. सायक्लोनमधून किंवा गाळणीतून मिळालेले बारीक कण फवाऱ्याजवळ परत सोडून त्यांचे जाडसर पुंजके करता येतात, आणि अशी भुकटी पाण्यात अधिक चांगली विरघळते. तूट भरून निघते आणि मालाचा दर्जाही सुधारतो. मिश्रणाच्या विभागात परिस्थिती अशी सरळ नाही, आणि पकडण्याच्या जागेचे महत्त्व तेथेच खऱ्या अर्थाने कळते.

कोरड्या मिश्रणात हवा कोठून येते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. एक टन भुकटी मिश्रकात ओतली तर, तिची ढिली घनता निम्मी धरल्यास, दोन घनमीटर हवा तिच्या जागेवरून उठते. शिवाय वरून पडणारी भुकटी पडता पडता भोवतालची हवा आपल्याबरोबर खेचून नेते आणि ती तळाशी आपटल्यावर धुरळ्यासह वर उसळते. हा धुरळा कामगाराच्या तोंडावर येऊ नये म्हणून हॉपरवर शोषण-छत्री बसवितात आणि पंखा लावतात. येथेच नेहमीची चूक होते. धुरळा फार दिसतो म्हणून पंखा मोठा घेतात. पंखा मोठा झाला की तो उडालेला धुरळा तर ओढतोच, पण जी भुकटी मुकाट्याने खाली बसली असती तीही उचलतो. गोणी ओतण्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा ते एक मीटर वेगाने आत गेली म्हणजे पुरते. त्यापुढे नळात मात्र भुकटी बसू नये म्हणून सेकंदाला १८ ते २० मीटर वेग लागतो. तोंडाशी संथ आणि नळात वेगवान, ही दोन टोके सांभाळण्यासाठी छत्रीचा आकार आणि नळाचा व्यास यांची योग्य सांगड घालावी लागते. केवळ पंख्याची अश्वशक्ती वाढवून ते साधत नाही.

समजा, ५०० किलो मसाल्याचा एक घाणा आहे आणि त्यात हळद पाच टक्के, म्हणजे २५ किलो आहे. मीठ व भरड धनेपूड यांच्या मानाने हळद फार बारीक असते. छत्रीतून दोन किलो धूळ गेली आणि तिच्यात हळदीचा वाटा १.२ किलो असला, तर घाण्याची एकूण तूट ०.४ टक्केच दिसते. हळदीची तूट मात्र ४.८ टक्के होते. मसाल्याचा रंग उतरतो, ग्राहक हळदीच्या प्रतीला दोष देतो आणि खरेदी-विभाग व्यापाऱ्याशी भांडतो. बालकांच्या आहारात किंवा औषधी पोषकांत जीवनसत्त्वांची मात्रा अशीच सर्वांत बारीक कणांबरोबर उडून जाऊ शकते, आणि तेथे प्रश्न रंगापुरता राहत नाही. तात्पर्य, गमावलेली भुकटी ही घाण्याचा प्रातिनिधिक नमुना नसते.

आता ती पुनःप्राप्त करण्याचे दोन मार्ग पाहावेत. पहिल्या मार्गात कारखान्यातील सर्व छत्र्यांचे नळ एका मध्यवर्ती गाळणीला जोडलेले असतात. बांधणी सुटसुटीत, पंखा एक, देखभाल एका जागी. परंतु तळाच्या पिंपात जे जमते त्यात हळद, दूधभुकटी, मीठ, मैदा, कालचा पदार्थ आणि आजचा पदार्थ यांची खिचडी झालेली असते. दुधाची किंवा गव्हाची अधिहृषता असलेल्या माणसाला त्यातील चिमूटभर अंशही बाधू शकतो. अशी धूळ पुढच्या घाण्यात मिसळणे कोणत्याही जबाबदार उत्पादकाला शक्य नाही. ९९.९ टक्के कार्यक्षमतेची गाळणी बसवूनही येथे खऱ्या अर्थाने परत मिळालेली भुकटी शून्य असते. पदार्थ हवेतून वाचला, अन्न म्हणून मात्र गेला. पायथ्याच्या तलावात साचलेल्या गाळासारखीच ही गत आहे.

दुसऱ्या मार्गात प्रत्येक मिश्रकाच्या झाकणावरच एक लहानशी गाळणी बसवितात. पिशव्या किंवा पन्हळी गाळणपात्रे मिश्रकाच्या पोकळीत उघडतात. हवा वरून निघून जाते आणि झोत दिल्यावर थर खाली, त्याच घाण्यात, परत पडतो. नळ नाही, पिंप नाही, दोन पदार्थांची सरमिसळ नाही. घाणा संपण्यापूर्वी, मिश्रक फिरत असतानाच, पंखा थांबवून पिशव्या झटकल्या तर हळद हळदीच्या जागी परत येते आणि घाण्यात एकजीव होते. मिश्रण संपल्यावर झटकल्यास मात्र बारीक कणांचा एक थर घाण्याच्या माथ्यावर तसाच राहतो आणि पहिल्या काही पाकिटांत जास्त हळद जाते. इतक्या क्षुल्लक क्रमभेदाने प्रयोगशाळेतील नमुने नापास होतात. या पद्धतीचा खर्च एकूण पाहता अधिक येतो, कारण जितके मिश्रक तितक्या गाळण्या; आणि पदार्थ बदलताना प्रत्येक गाळणीच्या पिशव्या बदलाव्या लागतात. तरीही जेथे भुकटी मोलाची आहे तेथे हाच मार्ग श्रेयस्कर ठरतो. मध्यवर्ती गाळणी जमिनीवरची सांडलवंड आणि गोण्या झटकण्याची धूळ यांसाठी ठेवावी, आणि तिच्यातील माल खाद्य नाही हे आधीच मान्य करावे.

पकडलेली भुकटी अन्न म्हणून टिकते की नाही, हे वेळेवरही अवलंबून आहे. शुष्ककाच्या गाळणीत ८० अंशांवर तासन्‌तास चिकटून राहिलेली दूधभुकटी पिवळसर, मग तपकिरी होते. हे करपलेले कण उत्तम मालात मिसळले तर सगळ्याची प्रत खाली येते. ओलसर कोपऱ्यात साचलेल्या भुकटीत जंतूंची वाढ होते, हा आणखी गंभीर धोका. म्हणून काही कारखाने पाण्याने आतल्या आत धुता येणारी गाळणी वापरतात, आणि काही सुरुवातीच्या व शेवटच्या तासाची भुकटी निराळी काढून पशुखाद्याकडे वळवितात.

धुरळ्याचा विचार स्फोटाचा विचार केल्यावाचून पुरा होत नाही. इटलीतील तुरिन शहरात १४ डिसेंबर १७८५ रोजी एका पाववाल्याच्या कोठारात पिठाच्या धुरळ्याने दिव्याच्या ज्योतीवर पेट घेऊन स्फोट झाला. काउंट मोरोत्सो यांनी केलेले त्याचे वर्णन अशा स्फोटांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानले जाते. १८७८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील वॉशबर्न गिरणीत अठरा माणसे दगावली. ही जुन्या काळाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. ७ फेब्रुवारी २००८ रोजी जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीच्या स्फोटाने चौदा कामगारांचा बळी घेतला. हवेत प्रति घनमीटर काही दशक ग्रॅम भुकटी असली की ज्वलनक्षम ढग तयार होतो. नळातील हवा सहसा या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. परंतु गाळणीत प्रत्येक झटक्याबरोबर थराचा ढग होतो आणि क्षणभर ही मर्यादा ओलांडली जाते. पुनःप्राप्तीसाठी बसविलेले साधनच अशा रीतीने कारखान्यातील सर्वांत नाजूक ठिकाण बनते. पिशव्यांच्या सांगाड्याला अर्थिंग, स्फोटाचा दाब मोकळ्या जागेकडे सोडणारे कमकुवत पत्र्याचे दार, आणि शुष्ककाच्या बाबतीत धुमसणाऱ्या थराचा वास लागण्यापूर्वीच कार्बन मोनॉक्साइड टिपणारे यंत्र, या गोष्टी खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच पानावर याव्यात.

जो धुरळा धुराड्यातून जात नाही तो माणसाच्या छातीत जातो. दळणारे आणि पाव भाजणारे यांच्या श्वसनविकारांची नोंद इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली प्रसिद्ध झालेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात केली होती, आणि पिठाच्या धुळीने होणारा दमा आजही त्याच व्यवसायाच्या नावाने ओळखला जातो. मिश्रकावरील बारीक, संथ शोषण कामगाराच्या दृष्टीनेही अधिक हिताचे असते, कारण धुरळा त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचण्याआधीच खाली राहतो.

सरतेशेवटी मोजमापाचा प्रश्न उरतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. तूट किती हे शोधण्याचा साधा मार्ग म्हणजे आत गेलेला माल आणि बाहेर आलेला माल यांचा ताळेबंद. पण ०.४ टक्के तूट शोधावयाची असता वजनकाट्यांची व दूध मोजण्याची एकत्रित चूक अर्धा टक्का असली, तर ताळेबंदात काहीच दिसत नाही. भुकटीची आर्द्रता साडेतीनऐवजी चार टक्के निघाली तरी एक टनामागे पाच किलो वजन वाढते, आणि धुराड्यातून गेलेले चार किलो त्या पाण्याआड झाकले जातात. पुष्कळ कारखान्यांत वर्षानुवर्षे तूट ‘नाही’ असे लिहिले जाते त्याचे गमक हे आहे. हिशेब कोरड्या घन पदार्थांचा करावा, तयार मालाच्या वजनाचा नव्हे.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे धुराड्यात नळी घालून हवेचा नमुना घेणे आणि त्यातील भुकटी तोललेल्या गाळणकागदावर पकडणे. येथे नळीच्या तोंडातील वेग धुराड्यातील हवेच्या वेगाइतकाच ठेवावा लागतो. नळी संथ ओढत असेल तर हवेचे काही झोत तोंडाला वळसा घालून निघून जातात, परंतु जड कण वळू न शकल्यामुळे आत शिरतात आणि भुकटीचे प्रमाण खऱ्यापेक्षा अधिक भरते. नळी फार जोराने ओढत असेल तर उलट घडते. नमुना एका बिंदूवर न घेता धुराड्याच्या छेदावरील अनेक बिंदूंवर, आणि नळाच्या वळणापासून दूरच्या सरळ भागात घ्यावा. शिवाय तो पिशव्या झटकण्याच्या एका पूर्ण आवर्तनभर चालू ठेवावा, कारण झटक्यानंतरच्या काही सेकंदांत, थर पुन्हा बसेपर्यंत, गाळणी सर्वाधिक गळते. दोन झटक्यांच्या मधला शांत काळ निवडून घेतलेला नमुना गाळणी विकणाऱ्याला प्रिय असतो.

राळेगणपासून जवळच, त्याच पारनेर तालुक्यात, सुपे येथे औद्योगिक वसाहत उभी आहे, आणि अशा वसाहतींतून अन्नप्रक्रियेचे लहान कारखाने पुढेही निघतील. त्यांच्यापुढे मध्यवर्ती गाळणीचे आकर्षक दरपत्रक येईल, तेव्हा तपासावयाची बाब एकच आहे. प्रत्येक मिश्रकाच्या तोंडाशी तासाला किती हवा ओढली जाते, तीत किती ग्रॅम भुकटी आहे आणि ती कोणत्या पदार्थाची आहे, हे तीन आकडे प्रत्येक तोंडासाठी निराळे मांडले म्हणजे कोणती गाळणी झाकणावर हवी आणि कोणते तोंड मध्यवर्ती नळाला जोडले तरी चालेल, ते त्या तक्त्यावरूनच दिसून येते.